पाडव्याचा निळा मासा

मोशी,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. रुपाली,

आशीर्वाद आहेतच, ते लिहीत बसत नाही, कारण घाई आहे. तू या घरचा फोन उचलत नाहीस. खालच्या मजल्यावरची अंजली रोज तुझ्याच कंपनीच्या बसने माणला कामाला जाते, म्हणून हे पत्र तिच्या हाती देते आहे. सोबत थालीपीठं आहेत. माझ्या लेकाला, रविराजला, यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझ्या माशांना देवी आल्या आहेत.

हसू नकोस. केशरी जोडीच्या अंगावर पांढरे दाणे उठलेत, जणू कुणी रव्यात घोळून काढलंय. ती मोठी, जिला तू माझ्यामागे सासूबाई म्हणतेस (मला सगळं ठाऊक आहे), ती सारखी दगडावर अंग घासते. तिचा नवरा, तो बारका, खात नाही. घरात एक नवा निळा मासा आला आहे, त्याच्या अंगावर तर तीळ ठेवायला जागा नाही. मला जमेल ते मी केलं. टाकीला कडुलिंबाचा डहाळा बांधला, दोन काड्या पाण्यात सोडल्या, घरात फोडणी बंद केली. आमच्या औशाकडे अंगावर आलं की औषध देत नाहीत, ते आपोआप उतरतं. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. पोळी तव्यावर टाकते आणि टाकीकडे धावते, टाकीकडे बघते आणि पोळी जळते.

खरं सांगू? तू बॅग घेऊन सांगवीला मैत्रिणीकडे गेलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, "आई, मासे सांभाळा." तेव्हापासून मी मनाशी धरून बसले आहे की मासे इथे आहेत तोवर तू परत येशील. ते मेले तर तुला या दारात यायला कारणच उरणार नाही. म्हणून लवकर लिही, काय करू?

तुझी,
आई

*

सांगवी,
३० ऑक्टोबर

आई,

थालीपीठं मिळाली.

माशांना देवी येत नाहीत. हा परजीवी आहे, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. तो कातडीत शिरून बसतो, आणि दिसतो तो दाणा म्हणजे त्याने अंगावर केलेलं घर. तो नव्या माशाबरोबर येतो. नवा मासा आणला की आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, हे त्या घरात मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं आहे. निळा मासा "आला" म्हणजे काय? रिक्षा करून आला?

आता एवढंच करा. कडुलिंब काढून फेका. एक नवा मोठा टब आणा, साबण न लागलेला. त्यात खारं पाणी, जुना हीटर, हवेचा पंप आणि लपायला प्लास्टिकच्या पाइपचे दोन तुकडे. दगड नको, वाळू नको. तिन्ही मासे आजच्या आज त्यात हलवा. औषध मी अंजलीकडे दिलं आहे. त्यात तांबं असतं, ते फक्त टबात घालायचं. मोठ्या टाकीत एक थेंबही पडला तर प्रवाळ आणि कोळंबी मरतील.

दुसऱ्या कुठल्याही विषयावर लिहू नका. मी वाचणार नाही.

रुपाली

*

मोशी,
३ नोव्हेंबर

चि. रुपाली,

वाचणार नाहीस म्हणालीस, पण ही बातमी वाचावीच लागेल. उतरल्या! सगळे दाणे गेले. काल सकाळी उठून बघते तर मोठीचं अंग लख्ख, बारका खायला वर येतो आहे, निळासुद्धा टाकीभर हिंडतो आहे. मी टब आणलाच नाही. आणते, आणते म्हणत होते, पण तोवर अंगच उतरलं. दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि आज घरात फोडणी दिली. केवढं बरं वाटलं त्या वासाने.

तुझं औषध कपाटात नीट ठेवलं आहे. पण मला त्यातलं कळेना. तांबंच हवं असेल तर माझ्या लग्नातला तांब्याचा हंडा माळ्यावर आहे, त्यात मासे ठेवले असते तर चाललं असतं की.

निळा मासा मीच आणला. पिंपरी कॅम्पात गेले होते, आवडला, आणला. एवढं काय त्यात.

आता दुसरा विषय, रागावलीस तरी. रविराजही उतरला आहे. चाकणहून येतो, गप जेवतो, टाकीसमोर बसतो. परवा माझा चष्मा दुरुस्त करून आणला. मी तुला नेहमी म्हणायची ना, चार दिवस दम धर, त्याचा राग आपोआप उतरतो? या रविवारी ये. मासे बघायला म्हणून ये. मी पुरणाचं घालते.

तुझी,
आई

*

सांगवी,
४ नोव्हेंबर

आई,

उतरल्या नाहीत. पत्र पुरं वाचा आणि वाचून झाल्यावर लगेच टब आणायला जा.

तो परजीवी माशाच्या अंगावर चार-सहा दिवस खातो, मोठा होतो आणि आपणहून गळून पडतो. मासा बरा दिसतो. पण तो मेलेला नसतो. तळाला वाळूत, दगडांच्या सांदीत तो स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि त्या एकाची आत शेकडो पिल्लं होतात. मग ती फुटतात आणि मासा शोधत वर येतात. पुढच्या वेळी दाणे किती असतील याचा विचार करा. तुम्ही नैवेद्य दाखवलात तेव्हा ते खाली वाढत होते.

हंडा नको. त्यातून किती तांबं उतरतंय ते कळणार नाही, मासे विषबाधेने मरतील. औषध मोजून घालायचं असतं आणि रोज तपासायचं असतं, डब्यात नळ्या दिल्या आहेत.

आणि निळा मासा तुम्ही आणला नाही. तुम्ही बाजारात सुरमईकडे नाक मुरडून बघता, तुम्ही जिवंत समुद्री मासा पिशवीत घालून बसने आणणार? तो त्याने आणला. टाकीतला प्रत्येक मासा त्याने कधी आणला ते मला पाठ आहे. डबा फेकला तेव्हा बारका आला. माझा लॅपटॉप आपटला तेव्हा तो पिवळा, जो पुढे मेला. दरवेळी आरडाओरडा, मग चार दिवस मुका, मग हातात पिशवी आणि पिशवीत मासा. वेगळा ठेव म्हटलं की म्हणायचा, "तुझ्यासाठी आणलेली वस्तू महिनाभर लपवून ठेवू का?" लगेच टाकीत सोडायचा. मला हसायला लागायचं. आणि स्वयंपाकघरातून तुमचं ठरलेलं, उतरला बघ राग.

कधीच उतरला नव्हता, आई. खाली जाऊन बसत होता. प्रत्येक वेळी मोठा होऊन आला. शेवटच्या वेळी त्याने फेकलेला पेला टाकीच्या काचेवर लागला आणि काचेचा टवका उडाला, ती जागा तुम्ही रोज पुसता. तो पेला माझ्या डोक्याच्या उंचीवर होता.

टब आणा.

रुपाली

*

मोशी,
१२ नोव्हेंबर

रुपाली,

तू म्हणालीस तसंच झालं. मी टब आणला नाही. मला वाटलं, ही पोर शिकलेली, उगाच घाबरवते. पाहिलं तर अंग लख्ख होतं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की पत्रावर? शनिवारी दाणे परत आले. इतके, की निळ्याचा निळा रंग दिसेना. सगळे तोंड वासून धापा टाकत होते. रविवारी दुपारी निळा तळाला आडवा झाला.

रविराज पहिल्या शिफ्टहून आला. हो, मासा त्यानेच आणला होता. पाडव्याला. सकाळी अभ्यंगस्नान करून बाहेर पडला आणि दुपारी पिशवी घेऊन आला. मला म्हणाला, "पाडव्याची ओवाळणी हाय, आई. फोटो पाठवला की येतीय बघ ती." फोटो पाठवलाच नाही त्याने, हिंमत झाली नाही. मी तुला खोटं लिहिलं, कारण मासा त्याने आणला म्हटलं असतं तर तू पत्र टाकून दिलं असतंस.

त्याने मेलेला मासा बघितला. मग फिल्टरमध्ये अडकलेला माझ्या कडुलिंबाचा पाला बघितला. आणि मग तो माझ्यावर ओरडला. "तुझ्या अडाणीपणानं मेला तो! सगळ्याची वाट लावतेस!" हातात काच घासायचं जड लोहचुंबक होतं, ते फेकलं. माझ्या कानाजवळून गेलं आणि कपाटाच्या दारात घुसलं.

माझ्यावर तो कधी ओरडला नव्हता. मला काय करावं कळेना, म्हणून मी बाल्कनीत गेले आणि वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभी राहिले. तिथे उभं राहिल्यावर मला आठवलं, तू नेहमी तिथेच उभी असायचीस. मला वाटायचं, कपडे काढते आहे. कपडे वाळलेले नसायचे तरी मला वाटायचं, कपडे काढते आहे.

 मग मी खाली गेले, चौकातल्या दुकानातून टब आणला आणि मासे हलवायला लागले. मला ते जाळीत धरता येईनात. रविराज आला, त्याने मोठीला आणि बारक्याला धरलं. औषध त्यानेच मोजलं. ते काम तो चोख करतो, कंपनीत दिवसभर मोजमापच करतो ना. मेलेला मासा त्याने कुंडीत पुरला आणि तिथेच बसून रडला. मी जवळ गेले नाही. पहिल्यांदाच गेले नाही.

बारक्याचं काही खरं नाही. कल्ले फार जोरात हलतात. मी काय करू?

आई

*

सांगवी,
१३ नोव्हेंबर

आई,

तुम्हाला लागलं का? आधी ते सांगा. अंजलीला विचारलं तर म्हणाली, गालावर काही दिसत नाही. मला खरं कळवा.

आज अर्धी रजा टाकून मी अंजलीकडे बुडबुडे सोडणारा अजून एक हवेचा दगड आणि मिठाचा डबा दिला आहे. बारक्याला हवा जास्त हवी, टबावर अंधार करा, टॉवेल टाका. खाल्लं नाही तरी चालेल. टबातलं पाणी रोज थोडं बदला, आणि नव्या पाण्यात औषध त्याच प्रमाणात असू द्या. मध्येच कमी झालं की सगळं पहिल्यापासून.

मोठ्या टाकीत आता एकही मासा सोडायचा नाही, जवळजवळ अडीच महिने. दिवे, पंप, कोळंबी, प्रवाळ सगळं चालू राहू द्या, फक्त मासा नको. तळाची कवचं फुटतील, पिल्लं वर येतील, आणि त्यांना चिकटायला कुणी सापडलं नाही की दोन दिवसांत मरतील. शेवटचं कवच फुटेपर्यंत वाट बघायची. दुसरा इलाज नाही. माणसाला हेच जमत नाही, रिकामी टाकी बघवत नाही. घाई करू नका.

चादरींच्या मागे मी रडायचे नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कंपन्यांच्या बस बघायचे.

रुपाली

*

मोशी,
८ डिसेंबर

चि. रुपाली,

मला लागलं नाही. कपाटाला खोक पडली आहे, त्यावर मी कॅलेंडर लावलेलं नाही.

बारका जगला! काल त्याने माझ्या बोटाजवळ येऊन कोळंबीचा तुकडा घेतला. मला इतका आनंद झाला की गॅलरीतून अंजलीच्या आईला हाक मारून सांगितलं, ती म्हणाली अभिनंदन, तिला वाटलं रविराजची बढती झाली. मोठी आता टबातही रुबाब दाखवते, पाइप तिचा, बारक्याने बाहेर झोपायचं. औषधाचे दिवस संपत आले. पाणी मी तपासते, नळीतला निळा रंग मला आता नुसत्या नजरेने कळतो, पण तरी रविराज शिफ्टहून आला की पुन्हा तपासतो. आमचं बोलणं तेवढंच. "किती आलं?" "कालच्याएवढं."

रिकामी टाकी बघवत नाही, हे तू खरं लिहिलंस. दिवा लागतो, पाणी फिरतं, आत कुणी नाही. दिवसातून किती वेळा तिथे जाऊन उभी राहते, मग आठवतं की बघायला काही नाही.

एक विचारते, सरळ उत्तर दे. अडीच महिन्यांनी मासे टाकीत जातील. तेव्हा तू येशील का? राहायला येशील का? मी तेवढ्यावर दिवस काढते आहे.

तुझी,
आई

*

सांगवी,
१० डिसेंबर

आई,

सरळ उत्तर, नाही.

सांगवीतच नदीकडच्या बाजूला एक खोली घेतली आहे, भाडेकरार झाला. दिवाळीच्या आधीच ठरवलं होतं, तुम्हाला लिहायला धजत नव्हते. तुमची पत्रं आली की वाटायचं, आत्ता नको, पुढच्या पत्रात लिहू. वकिलांकडे अजून गेलेले नाही. पण परत त्या घरात राहायला येणार नाही.

मासे तुम्ही टाकीत सोडा. टाकी नेण्याएवढी जागा माझ्याकडे नाही, आणि त्यांना तुमची सवय झाली आहे. बारका तुमच्या हातून खातो, माझ्या हातून कधी खाल्लं नाही त्याने.

तुम्ही मला फार आठवता. हे पण लिहायला धजत नव्हते.

रुपाली

*

मोशी,
२८ जानेवारी २०२६

चि. रुपाली,

तुझं पत्र वाचून मी इतके दिवस लिहिलं नाही. आधी राग आला, मग वाईट वाटलं, मग दोन्ही. पायाला भिंगरी लागल्यासारखी घरभर फिरायची. अंजली रोज विचारायची, "आजी, पत्र आहे?" मी म्हणायची, उद्या.

संक्रांतीला रविराज घरी आला तो हातात पिशवी घेऊन. पिशवीत पिवळा मासा. म्हणाला, "टाकी कवापासून रिकामी हाय. आता तरी सोडू." मी टाकीच्या पुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, अजून दिवस भरले नाहीत. तो म्हणाला, "पाणी बघ की, काचेसारखं हाय. सगळं बरं झालंय." मी म्हटलं, "बरं दिसतंय. झालेलं न्हाई." त्याचा आवाज चढला. मला भीती वाटली, पण मी हलले नाही. म्हटलं, "मासा जिथून आणलास तिथं देऊन ये. आणि फेकायचं असंल तर आता माझ्या तोंडावर फेक, कानाजवळून नको." तो पिशवी घेऊन गेला. पिंपरीला जाऊन परत देऊन आला. आल्यावर दारातच बसून बूट काढता काढता म्हणाला, "आई, मी दरवेळी मासाच का आणतो गं?"

रुपाली, मला फार वाटलं की जवळ घ्यावं आणि म्हणावं, जाऊ दे बाळा, झालं गेलं. जीभ वळली होती. मग तुझी ती ओळ आठवली, तळाची पिल्लं वर येतात आणि त्यांना चिकटायला कुणी सापडलं नाही की मरतात. मी विचार केला, या घरात चिकटायला कोण आहे? आधी त्याचे वडील ओरडायचे तेव्हा मी होते. मग तू होतीस. तू गेलीस तर लगेच मी सापडले. टाकी रिकामी ठेवायचं तू शिकवलंस, पण घर मी कधी रिकामं ठेवलंच नाही.

मी इथून जाते आहे, हे मी त्याला सांगितलं आहे. जेवणाचा डबा लावून दिला आहे, कपडे धुवायचं यंत्र दाखवलं आहे. त्याच्या कंपनीत मनाच्या डॉक्टरीणबाई गुरुवारी येतात म्हणे, तिथे जा असं म्हटलं. जाईन म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. किती दिवस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, शेवटचं फुटून जाईपर्यंत. मला माहीत नाही त्याला ते कळलं का. मलाही पुरतं कळलेलं नाही.

टाकीचे दिवस भरले. पाणी स्वच्छ आहे, प्रवाळ फुललं आहे, कोळंबी मजेत आहे. मी मासे त्यात सोडले नाहीत. ते तुझे आहेत आणि तुझ्याकडेच राहिले पाहिजेत. एवढा टब तुझ्या खोलीत मावेल, त्याचं माप मी सुतळीने घेतलं आहे.

शनिवारी सकाळी सांगवीच्या बसने येते. झाकणाची बादली, त्यात मोठी आणि बारका, आणि माझी एक पिशवी. बादली रविराज स्टॉपवर आणून देणार आहे, त्याने स्वतःच म्हटलं. तो बसमध्ये चढणार नाही.

तू मला ये म्हणालेली नाहीस, हे मला माहीत आहे. एकदम घरात घेऊ नकोस. नव्याने येणाऱ्याला आधी वेगळं ठेवायचं, हा तुझाच नियम. मी त्याच पाण्यातून येते आहे, माझ्याही अंगाला काय काय चिकटलं असेल. मला थोडे दिवस बाहेरच्या खोलीत ठेव आणि बघ. "चार दिवस दम धर" असं तोंडातून निघालं तर बादलीसकट परत पाठव.

तुझी,
रुक्मिणी

*

सांगवी,
२९ जानेवारी

आई,

बादली काठोकाठ भरू नका, पाणी अर्धं ठेवा म्हणजे वर हवा राहील. भोवती टॉवेल गुंडाळा, सकाळी गार असतं. खिडकीजवळ बसा. आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका, तुम्ही मात्र खाऊन निघा.

इथे नवा टब आणून, हीटर लावून पाणी आजच तयार करून ठेवते. मी स्टॉपवर उभी असेन.

इथे बाहेरची खोली नाही. एकच खोली आहे. या.

रुपाली